लॉयड कुब्याकची भिंत

खोटं ओळखपत्र हातात पडलं की लॉयड कुब्याकच्या चेहऱ्यावर जे तेज चढायचं, ते त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसत नाही. कार्ड आधी तो अंगठ्याने चोळायचा, मग चष्मा कपाळावर सरकवायचा, मग समोरच्या पोराकडे एवढ्या प्रेमाने बघायचा की नवख्याला वाटावं, याला मुलगी द्यायचीय. आणि मग हळूच म्हणायचा, "बाळा, तुझा जन्म कुठल्या साली झाला म्हणालास?"

ईगल फोर्क हे विस्कॉन्सिनच्या उत्तरेचं गाव. तळं एक, चर्च एक, बार चार. उन्हाळ्यात शहरातली कॉलेजची पोरं तळ्यावर उतरतात, हिवाळ्यात हरणं मारायला येतात. या देशात अठराव्या वर्षी पोराला बंदूक मिळते, मतपत्रिका मिळते, लढाईवर जाऊन मरायची परवानगी मिळते; बिअर मात्र एकविसाव्या वर्षी. मधली तीन वर्षं काढायची कशी, या राष्ट्रीय प्रश्नावर पोरांनी शोधलेला तोडगा म्हणजे खोटं कार्ड. आणि त्या तोडग्यावरचा तोडगा म्हणजे चारांतल्या एका बारचा मालक, आमचा लॉयड.

जप्त केलेलं कार्ड तो बारमागच्या भिंतीवर, हरणाच्या मुंडक्याखाली टांगलेल्या पाइनच्या फळीवर ठोकायचा. वरच्या कोपऱ्यात एकच खिळा, एकच घाव. ओळीने लटकलेले ते चेहरे बघून गिऱ्हाइकांची करमणूक व्हायची आणि लॉयडची छाती दोन इंच वाढायची. कायदा असा की कार्ड जप्त केलं की ताबडतोब पोलिसांना कळवायचं. लॉयड म्हणायचा, कळवलंय की! तालुक्याचा पोलीस डेप्युटी रँडी स्टुबे रोज संध्याकाळी त्याच फळीखाली बसून बिअर पीत होता. त्याला दिसत नव्हतं का? आणखी काय, बँड लावून कळवायचं?

नुसतं पकडून लॉयडचं पोट भरत नसे. फसवलेल्या बारमालकाला अशा पोरावर दावा लावता येतो, तो लॉयड हटकून लावायचा. कुणाचा बाप रडकुंडीला येऊन उभा राहिला, की लॉयड त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "पोरगी तुमची गुणीच असेल हो. संस्कार कमी पडले, एवढंच." शिवाय दर वसंतात तालुक्याच्या शाळेत त्याचं कीर्तन असायचं. विषय ठरलेला: खोट्या ओळखपत्राचे कायदेशीर आणि शैक्षणिक परिणाम. दंड, कोर्ट, गाडीचं लायसन निलंबित, कॉलेजातून हकालपट्टी, पुढे नोकरीच्या वेळी जन्मभराचा डाग. एकेक परिणाम तो असा चवीने सांगायचा की शेवटी मुख्याध्यापकांनाच घाम फुटायचा.

पहिल्या रांगेत, दर वर्षी, त्याची मुलगी हेडी बसलेली असायची. हेडी आठ वर्षांची असताना तिची आई कॅरल ऊन शोधत ॲरिझोनाला गेली आणि तिला ते सापडलं, त्यामुळे परत आली नाही. पोरीला लॉयडनेच वाढवलं, म्हणजे बारनेच वाढवलं. गृहपाठ बारच्या टेबलावर, वाढदिवस बारच्या टेबलावर, ताप आला तरी बारमागच्या बाकावर. आमच्या राज्याचा कायदा मोठा कुटुंबवत्सल आहे. बाप शेजारी बसलेला असला आणि बारवाल्याची हरकत नसली, तर अल्पवयीन पोरालाही ग्लास देता येतो. बारवालाच बाप असल्यावर हरकत कोण घेणार? पंधराव्या वर्षापासून रविवारच्या मॅचला हेडी बापाशेजारी बसून ब्रँडीचे दोन घोट घ्यायची. अठराव्या वर्षी तर ती कायद्याने बारमागे उभी राहून सगळ्या गावाला ओतायला लागली. फक्त बाप दोन हात लांब गेला की तिच्या स्वतःच्या ग्लासात मात्र लिंबाचं सरबत. याला आम्ही इथे शिस्त म्हणतो.

पुढे हेडी विद्यापीठात नर्सिंगला गेली. नर्सिंगची जागा मिळणं सोपं नव्हतं. अर्ज करणाऱ्या सगळ्यांतून मूठभरच घेतात. लॉयडने पत्र आलं त्या दिवशी अख्ख्या बारला फुकट पाजलं होतं, आणि हे तो स्वतःच्या लग्नातही करू शकला नव्हता. पोरगी हुशार, पोरगी कष्टाळू, आणि पोरगी वीस वर्षांची. गुरुवारी तिच्या मैत्रिणी सगळ्या बारमध्ये जायच्या आणि ही दारातून परत यायची. निम्म्या तालुक्याला जिने बिअर ओतली, तिला एक दाढी न आलेला दारवाला म्हणायचा, "ताई, मोठी झालीस की ये."

अपमान माणसाला काय काय करायला लावतो! नाताळच्या सुट्टीत घरी आली तेव्हा हेडीने फळीवरचं एक कार्ड काढून खिशात घातलं. मॅरिसा डोल्बी, राज्य इलिनॉय, वय तेवीस. गोल चेहरा, पिवळे केस, कंटाळलेले डोळे. आमच्याकडच्या निम्म्या मुली या वर्णनात बसतात, हेडी तर अगदी चपखल. कार्ड इतकं झकास बनवलेलं होतं की लॉयडनेही ते कार्डावरून पकडलंच नव्हतं, त्या पोरीला सुटलेल्या घामावरून पकडलं होतं. हेडीला घाम येत नसे. कोपऱ्यातलं खिळ्याचं भोक तिने पांढऱ्या मेणाने बुजवलं आणि मॅरिसा डोल्बी होऊन ती महिनाभर सुखाने नांदली.

फेब्रुवारीत हाड फुटेल अशी थंडी पडली आणि मेण गळून पडलं. दारवाल्याने कार्ड दिव्यासमोर धरलं, तर भोकातून उजेड. आमच्याकडे सरकारी कचेरीत जुनं लायसन रद्द केलं की त्याला भोक पाडून हातात देतात. दारवाला म्हणाला, "भोक पाडलेलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड." त्याने ते कार्ड तपासायच्या यंत्रात घातलं, मग तिथल्या तिथे पोलीस, पोलिसांची दंडाची पावती, कोर्टाची तारीख आणि सोमवारच्या आत विद्यापीठाची नोटीस. बापाच्या खिळ्याने बापाचीच मुलगी पकडून दिली. एवढी अचूक शिकार लॉयडने हयातीत केली नव्हती.

रविवारी सकाळी बार उघडायच्या आधी तिचा फोन आला.

"डॅड, मला पकडलं."

"कुणी? कशासाठी?"

"खोटं कार्ड होतं."

लॉयडच्या तोंडून कीर्तन आपोआप सुरू झालं. "हेडी, याचे कायदेशीर परिणाम तुला..."

"आणि शैक्षणिक परिणाम. माहीत आहेत डॅड. मी पाचवीत असल्यापासून पहिल्या रांगेत बसून ऐकलेत."

"मग अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? चारचौघांत मी आता तोंड कसं दाखवू? आणलंस कुठून ते?"

ती म्हणाली, "डॅड, फळीकडे बघ. तिसरी ओळ."

तिसऱ्या ओळीत एक खिळा उघडा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. रोज संध्याकाळी त्या फळीकडे पाठ करून उभा राहणारा हा पहारेकरी नाताळपासून एवढंही बघू शकला नव्हता.

हेडी घाईघाईने सांगत होती. कार्ड कुठून आलं, यावर सगळं अवलंबून होतं. बनवणाऱ्याकडून विकत घेतलं असेल तर विद्यापीठ एक सत्र बाहेर काढणार, आणि बाहेर काढलेल्या मुलीची नर्सिंगची जागा जाते. हॉस्पिटलमध्ये रुग्णांपाशी कोण उभं करील? कुठे पडलेलं, टांगलेलं उचललं असेल तर समज देऊन सोडणार. म्हणजे जागा राहणार. "सुनावणीला येशील ना?" तिने विचारलं. लॉयड म्हणाला, "येणार म्हणजे? बाप आहे मी तुझा."

फोन ठेवला आणि बापाने पहिलं काम काय केलं, तर दाराला आतून कडी घातली. बारचं लायसन दर उन्हाळ्यात गावाच्या पंचांपुढे जातं. वर्षानुवर्षं जप्त केलेली कार्डं पोलिसांत न देता भिंतीवर मिरवली, आणि त्यातलं एक मालकाच्याच मुलीने वापरलं, हे बाहेर पडलं तर? लॉयडने फळी उतरवली, गुडघ्यावर घेऊन मोडली आणि लाकडाच्या शेगडीत कोंबली. प्लॅस्टिकचा काळा धूर धुराड्यातून चर्चवर गेला. मोकळ्या जागेवर त्याने माळ्यावरचा पेंढा भरलेला मासा आणून टांगला. हे सगळं आपण पोरीसाठी करतोय, तिच्याविरुद्धचा पुरावा नष्ट करतोय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. समजूत घालण्यात तो पहिल्यापासून वाकबगार होता.

विद्यापीठातली सुनावणीची खोली गालिचा घातलेली, टेबलावर डोळे पुसायच्या कागदाचा डबा. अध्यक्ष डॉक्टर ऑड्रे फिंच या बाई इतक्या मऊ आवाजात बोलायच्या की फाशीची शिक्षासुद्धा त्यांच्या तोंडून चहाच्या आमंत्रणासारखी वाटली असती. "हे कोर्ट नाही बरं का हेडी. ही तुझ्यासाठी शिकण्याची संधी आहे," त्या म्हणाल्या. मग लॉयडकडे वळून, "मिस्टर कुब्याक, तुम्ही आधार म्हणून बसू शकता. पण बोलायचं नाही. नियम आहे." शेजारी दोन प्राध्यापक होते, त्यांनी मान डोलावली.

सगळं सुरळीत चाललं. कार्ड वापरलंस? हो. चूक होती हे कळतं? हो. आणि मग डॉक्टर फिंचनी विचारलं, "हे कार्ड तू कुठून मिळवलंस?"

हेडीने बापाकडे बघितलं. खेळताना पडल्यावर पोर आईबापांकडे बघतं ना, रडू की नको, तसं. लॉयडला 'सांग' म्हणून नुसती मान हलवायची होती. ती हलवायला नियमाची आडकाठी नव्हती. तो कागदाच्या डब्याकडे बघत बसला. डब्यावर निळी फुलं होती.

"ऑनलाइन मागवलं," हेडी म्हणाली.

त्यांना बाहेर बसवलं. कॉरिडॉरमध्ये दोन खुर्च्या, समोर पाण्याचा नळ.

"खोटं का बोललीस?" लॉयड कुजबुजला.

"मग काय सांगू? तुझं लायसन घालवू? बार गेला तर करशील काय तू? तुला दुसरं येतंय काय?"

"मला वाटलं, तू सांगून टाकशील."

"मला वाटलं तू सांगशील, डॅड."

यात ओरडा नव्हता, रड नव्हती. एवढं म्हणून ती नळावर जाऊन पाणी प्यायली. लॉयडला स्वतःची शिसारी आली. पोरीच्या तापात ज्याने रात्री जागवल्या होत्या तो हाच का माणूस, असं त्याला वाटलं. आणि या प्रश्नाचं उत्तर त्याला आवडलं नाही. तो उठला आणि दार न ठोठावता आत शिरला.

"ते कार्ड माझं आहे! माझ्या भिंतीवरचं! मी जप्त केलं, पोलिसांना दिलं नाही, हिने तिथून उचललं. ते भोक बघा, माझ्या खिळ्याचं आहे!"

"मिस्टर कुब्याक, तुम्हाला बोलायची परवानगी..."

"परवानगी गेली खड्ड्यात!"

डॉक्टर फिंच मुळीच रागावल्या नाहीत, हीच पंचाईत. त्यांनी त्याला पाणी दिलं. "ती भिंत आम्हाला बघता येईल?"

"फळी होती. जाळली मी."

"कधी?"

"हिचा फोन आला त्याच दिवशी."

दोन्ही प्राध्यापकांनी एकमेकांकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "भोकं तर हल्ली पुष्कळ मुलं पाडतात, किल्ल्यांना अडकवायला. पण आम्ही चौकशी करू. तुमच्या तालुक्याच्या पोलिसांना विचारू." लॉयडचा जीव भांड्यात पडला. रँडीने ती फळी वर्षानुवर्षं बघितली होती. जुना दोस्त आणि गिऱ्हाईक आर्नी लुबेक तर तीस वर्षं त्या भिंतीसमोर बसत होता. साक्षीदारांची काय कमी?

रँडी दुसऱ्या दिवशी चौकशीला आला, म्हणजे नेहमीच्याच वेळी नेहमीच्याच जागी येऊन बसला, फक्त या वेळी हातात कागद होता. बारमध्ये नेहमीची सगळी मंडळी होती. लॉयडने बिअर पुढे ठेवली आणि म्हणाला, "लिही रँडी. इथे फळी होती. तिच्यावर कार्डं होती."

"कसली फळी?" रँडी म्हणाला.

"कसली म्हणजे? तू रोज तिच्याखाली बसायचास!"

"मी माशाखाली बसतो." रँडीने माशाकडे बोट दाखवलं. आपण इतकी वर्षं बेकायदा कार्डांच्या छायेत बिअर प्यायलो, हे सरकारी कागदावर स्वतःच्या हाताने लिहिण्याइतका तो खुळा नव्हता. "आर्नी, इथे कधी फळी होती?"

आर्नी लुबेकने तीस वर्षांच्या मैत्रीला स्मरून लॉयडला डोळा मारला. "छे! मासाच होता. माझ्या लहानपणापासून हाच मासा."

"अरे आर्नी, गेल्या वर्षी त्या फळीवरच्या पोरांना तू मिशा काढल्या होत्यास!"

"मिशा? मला साधी सही करता येत नाही."

बार हसला. रँडीने एकेकाला विचारलं आणि एकेकाने छातीवर हात ठेवून सांगितलं की फळी बघितली नाही, ऐकली नाही, फळी म्हणजे काय तेही ठाऊक नाही. लॉयड ओरडला, त्याने टेबलावर मुठी आपटल्या, शेगडीतली राख उपसून दाखवली. राखेत काळा गोळा होता, त्याला चेहरा नव्हता. जितका तो ओरडे, तितके लोक गहिवरत. लायसनसाठी माणूस खोटं बोलला असता तर त्यांनी समजून घेतलं असतं. पोरीसाठी लायसन घालवायला निघालाय म्हटल्यावर त्याला वाचवणं हे शेजारधर्मातच आलं. गाव करील ते राव काय करील? गावाने आपला माणूस वाचवला. हेडी गावाच्या ध्यानातच आली नाही.

निकाल लागला. एक सत्र निलंबन. नर्सिंगची जागा रद्द, पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्यांबरोबर रांगेत, आणि अर्जावर कायमचा शेरा. कोर्टाने दंड केला आणि गाडीचं लायसन काही महिन्यांसाठी काढून घेतलं. डॉक्टर फिंचनी लॉयडला मुद्दाम फोन केला. "तुमचं म्हणणं आम्हाला मान्य करता आलं नाही मिस्टर कुब्याक. पण मुलीसाठी स्वतःच्या नावावर डाग घ्यायला निघालेला बाप मी माझ्या नोकरीत पहिल्यांदा पाहिला. हेडीने यातून काही शिकावं." लॉयडने तीन वेळा सांगायचा प्रयत्न केला की मी खरं बोलत होतो. त्या म्हणाल्या, "मला समजतं. मलाही मुलं आहेत."

लॉयडने ट्रक घेऊन जाऊन तिला आणलं. सामानात सगळ्यात वर हॉस्पिटलचा नवा निळा गणवेश होता, घडीही न मोडलेला. चार तासांच्या रस्त्यात तो पाच-सहा वेळा नुसतंच "हेडी" म्हणाला. ती खिडकीतून बर्फ बघत होती.

शुक्रवारी आमच्याकडे तळलेले मासे असतात आणि बारमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या शुक्रवारी तर शेजारच्या गावांतूनही माणसं आली. लॉयडची कीर्ती पसरली होती. जो येई तो त्याच्या पाठीवर थाप मारी, त्याच्यासाठी ग्लास सांगे. ज्या बापांना त्याने कधीकाळी संस्कारांवर प्रवचन दिलं होतं, त्यातला एक येऊन त्याचा हात हातात धरून म्हणाला, "कुब्याक, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. माझ्या पोरीसाठी मी एवढं केलं नसतं."

"अहो, मी काही केलं नाही," लॉयड कळवळून म्हणाला. "फळी होती. मी घाबरून जाळली. सुनावणीत मी गप्प बसलो. ऐका तरी!"

"बघा, बघा," एव्हाना स्वतःचीच थाप खरी वाटायला लागलेला आर्नी सगळ्यांना म्हणाला, "अजूनही पोरीला सांभाळूनच घेतोय." आणि मग बारमागे ग्लास पुसत असलेल्या हेडीकडे वळून, "पोरी, बापाचे उपकार विसरू नकोस. जन्मभर विसरू नकोस."

"नाही विसरणार," हेडी म्हणाली.

लॉयडसमोर लोकांनी पाठवलेले ग्लास ओळीने उभे होते. ते ओततही तीच होती. त्याने आर्नीची बाही धरली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला, तिसऱ्या ओळीतल्या खिळ्यापासून. आर्नीच्या डोळ्यांत पाणी आलं.

हेडीने फडकं खांद्यावर टाकलं आणि बापाच्या जवळ आली. फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "डॅड, पुरे आता. जितकं खरं बोलतोस, तितकं तुझं नाव मोठं होतंय. आत जा आणि मासे तळ."

तो आत गेला. टेबलं खोळंबली होती आणि तेल कधीचं तापलं होतं.